आईच्या मापाची चूल

मी बारा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात खुर्ची एकच होती आणि ती अप्पांची होती. अप्पा म्हणजे माझे वडील. बाकी सगळं घर भुईला धरून होतं. बसायला पाट नाहीतर गवती चटई, जेवायला भुईवर मांडलेलं केळीचं पान, भाजी चिरायला विळी, वाटायला पाटा, इडलीचं पीठ रगडायला जमिनीत पुरलेला दगडी रगडा. निजायचं तेही भुईवरच. मधल्या चौकाला लागून जी मोठी पडवी होती, तिला आम्ही तमिळ शेजाऱ्यांसारखंच कूडम म्हणत असू. तिथे पितळी कड्यांचा झोपाळा होता खरा, पण त्यावर बायकांनी बसायचं ते अप्पा कचेरीत गेल्यावर. उंच वस्तू आमच्या घरात एकेक करून आल्या आणि आल्या त्या सगळ्या पुरुषांसाठी आल्या. आधी खुर्ची आली, मग टेबल आलं, मग कोट टांगायचा लाकडी खांब आला. स्वयंपाकघरात मात्र राजेलोकांच्या वेळेपासून काही हललं नव्हतं. तिथली चूल भुईवर होती आणि तिच्यापुढे बाई बसलेली होती.

हे आता लिहिताना मी मद्रासेत नातसुनेच्या स्वयंपाकघरात बसले आहे. ती उभ्या उभ्या गॅसवर दूध तापवते आणि मला विचारते, "आजी, तुमच्या वेळी काय होतं?" मी सांगते, पण तिला खरं वाटत नाही. तिला वाटतं, ओटा हा भिंतीसारखाच घराबरोबर जन्माला येतो. म्हणून हे लिहून ठेवते. बाळबोध लिपी मला अप्पांनी शिकवली होती, तिचा इतका तरी उपयोग व्हावा. नातसुनेला ही लिपी वाचता येत नाही, तो भाग वेगळा.

आमचं घर तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. गल्लीत सगळी आपलीच माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि अप्पांच्या कचेरीच्या कागदांवर इंग्रजी. सकाळी मोठ्या देवळाची घंटा ऐकू येई, तिच्या आधी मात्र आमच्याकडे कॉफीच्या बिया भाजल्याचा वास सुटलेला असे. आई बिया लोखंडी कढईत भाजायची आणि मी त्या भिंतीला ठोकलेल्या यंत्रात दळायची. शेजारच्या घरात कोणीतरी सारखं सरळी वरिसै, म्हणजे गाण्याचे पहिले धडे, म्हणत असायचं आणि तिसऱ्या ओळीला हमखास चुकायचं. आई चुलीपुढून आत्ता चुकेल म्हणायची आणि तो चुकायचा. आई हसायची. माझी आई बुटकी होती, चवळीच्या शेंगेसारखी बारीक आणि कामाला विजेसारखी. तिच्या हातचं डाळीच्या गोळ्यांचं सांबारं खायला अप्पांच्या कचेरीतली माणसं काहीतरी निमित्त काढून यायची. गुणाची बाई होती, पण घरात तिला गुणी म्हणायची पद्धत नव्हती. मीठ जास्त झालं तर मात्र सगळे बोलत.

घरात खरी सत्ता रंगूआत्याची. ही अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, सोवळ्याची कडक आणि तोंडाची त्याहून कडक. अप्पा कालव्यांच्या खात्यात नोकरीला होते. कावेरीच्या कोणत्या कालव्याला किती इंच उतार हवा हे ते गोऱ्या साहेबाला समजावून सांगत, पण रंगूआत्यापुढे त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नसे. उंची मात्र त्यांना देवाने भरपूर दिली होती. आमच्या घरातल्या प्रत्येक दारात ते मान लववून शिरत.

मला बारावं लागलं त्या वर्षी आई विहिरीच्या कडेला शेवाळावरून घसरून पडली. उजवा गुडघा सुजून भोपळा झाला. वैद्याने पट्ट्या बांधल्या, तेल चोळलं, दोन महिन्यांनी सूज उतरली. आई चालू लागली, जिने चढू लागली, वाकू लागली. पण तिला बसता येईना. बसली तर उठता येईना. चुलीपुढे पाटावर टेकली की तिला उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागत, आणि एका स्वयंपाकात बाई किती वेळा उठते ते ज्याने रांधलं आहे त्यालाच ठाऊक. एकदा दूध उतू चाललं असताना ती वेळेवर उठू शकली नाही. दूध गेलं त्याचं काही नाही, पण आई तिथेच बसून रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

रंगूआत्याने दुसऱ्या दिवशी निकाल दिला. आजोबांचं श्राद्ध महिन्यावर आलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक घरच्या सुनेने करायचा असतो. आमच्याकडे सुना दोन. आई, आणि कुंभकोणमला राहणारी काकू. काकांची तंजावुरास बदली व्हायचीच होती, तेव्हा काकूने श्राद्धालाच यावं, रांधावं, आणि मग स्वयंपाकघर तिनेच हाती घ्यावं असं आत्याने ठरवलं.

"तुज आता कशास पाहिजे दगदग," ती आईला म्हणाली. "कूडमांत बैस, तांदूळ निवड, वाती वळ. पुष्कळ केलंस."

आई हो म्हणाली. नाही म्हणायची रीतच नव्हती. पण संध्याकाळी माझी वेणी घालताना तिचे हात थांबले. "अंबू," ती म्हणाली, "मज पस्तिसावं लागलं नाही अजून. जन्मभर वाती वळत बसूं?" मला तेव्हा सगळं कळलं असं नाही. पण स्वयंपाकघर गेलं की आई गेली, एवढं कळलं. काकू वाईट नव्हती. तरणी होती, चलाख होती, आणि आमच्या स्वयंपाकघरावर तिचा बरेच दिवस डोळा होता. आली की डबे उघडून बघायची आणि आमची चिंच जुनी झाली म्हणायची.

युक्ती मला सुचली असं घरात पुढे सगळे म्हणू लागले, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. खरं तर मी फक्त एक प्रश्न विचारला. अप्पांना कालव्यांचे नकाशे घरी आणून काढावे लागत. त्यासाठी त्यांनी सुताराकडून एक उंच, उतरतं टेबल करून घेतलं होतं आणि त्यापुढे ते उभे राहून काम करत. मी दौत धरून उभी होते. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही उभे काय म्हणून?"

"बसून वाकलं की कंबर धरते गे."

"मग आईनं काय म्हणून बसायचं?"

अप्पांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. बाजारातला मिठाईवाला दुकानात उभ्याने जिलबी तळतो हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पण आपण रोज जे पाहतो त्यावरून आपल्या घरचं काही सुचेलच असं नाही, हे मी पुढे फार माणसांत पाहिलं आहे.

आईसाठी चूल उंच ओट्यावर बांधायचं अप्पांनी काढलं. रंगूआत्याने ऐकलं आणि पदर खोचला. "उभ्याने रांधायचं ते हॉटेलवाल्यानं. आणि चूल भुईस टेकलेली हवी. अधांतरी चुलीवरचं पितरांस पोचत नाही."  सोयीच्या गोष्टीला उत्तर देता येतं, पितरांच्या गोष्टीला कोण देणार?

उत्तर दिलं ते गवंड्याने. माणिक्कम त्याचं नाव. गवंड्याला आमच्याकडे कोत्तनार म्हणतात आणि आम्ही त्याला नुसतं कोत्तनारच म्हणत असू. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या बापाच्या नाहीतर आज्याच्या हातची. अप्पांनी बोलावलं म्हणून तो आला होता आणि ओसरीखाली उभा राहून सगळं ऐकत होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "आजीअम्मा, टेबलासारखं पोकळ करतो कोण? चार बाजूंनी विटा चढवतो आणि आत भुईपासून वरपर्यंत मातीच भरतो, कावेरीकाठची. खाली भुई, वर भुई, मधे तसूभर फट नाही. चूल भुईवरच राहते. भुई तेवढी वर येते."

आत्याने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "कर. श्राद्धाचा स्वयंपाक या चुलीवर वेळेत आणि सोवळ्यांत झाला, तर राहूंदे. नाही झाला तर चूल पाडायची आणि कुंभकोणमची इथं रांधेल. मग मज कोणी सांगायचं नाही." काकूला तिने बोलावणं धाडलं ते धाडलंच. श्राद्धाच्या सकाळी ती येणार, आणि आईचं काही अडलं तर तीच पुढचं करणार.

काम सुरू करायचं तर स्वयंपाकघर तीन दिवस मोकळं हवं. श्राद्धाला आठ दिवस उरले तेव्हा ते आपोआप मिळालं, कारण आई त्या तीन दिवसांत बाहेर बसली होती. महिन्याच्या त्या दिवसांत बाईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मागच्या खोलीत वेगळं राहायचं. आत्याने परसातल्या चुलीवर रांधलं आणि आत कोत्तनार कामाला लागला. अप्पांनी कचेरीतून मोजपट्टी आणली होती. कोत्तनारने ती हातातही घेतली नाही. "फुटाचं माप सरकारच्या कालव्याला, सामी. घराला घरधन्याचा हात." आमच्याकडे ही रीतच होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत यजमानाचा एक हात, त्या मापाने उंबरे, खांब, विहिरीचा कठडा, सगळं मोजायचं. दुसऱ्या कोणाच्या मापाने बांधलं तर घराला लाभत नाही म्हणत. अप्पांनी हात पुढे केला, कोत्तनारने काठी लावून खूण केली. चुलीच्या तोंडापर्यंत दोन हात उंची धरली. मी तिथे उभी होते. मला सगळं फार शास्त्रशुद्ध वाटलं.

तीन दिवसांत काम झालं. बघायला गल्लीतली माणसं आली. खिडकीला लागून बांधल्यामुळे धूर सरळ बाहेर जाणार होता, वरून चुन्याचा गिलावा घोटून घोटून आरशासारखा केला होता. अप्पा इतके खूश की कोत्तनारला त्यांनी नवं उपरणं दिलं. चौथ्या दिवशी पहाटे आई न्हाऊन, केस पुसत आत आली आणि ओट्यापुढे उभी राहिली. मी तिच्या मागे होते. मागूनही मला ओट्याची कड तिच्या कोपरांच्या वर आलेली दिसली. चूल तिच्या छातीशी येत होती. तिने चुलीवर रिकामं पातेलं ठेवलं आणि टाचा उंचावल्या. आत काय आहे ते तिला दिसत नव्हतं.

 तीन दिवस तीन शहाणी माणसं, मला धरून चार, त्या घरात वावरली आणि रांधणारीला कोणी विचारलं नाही. कावेरीचे उतार इंचाइंचाने मोजणाऱ्या अप्पांना आपली बायको आपल्या खांद्याशीही येत नाही हे आठवलं नव्हतं. श्राद्धाला आता पाच दिवस उरले होते. आत्या दारात येऊन उभी राहिली, तिने एकदा पाहिलं आणि ती परत गेली. ते अप्पांना फार लागलं.

"एक पाट घे पायांखाली," अप्पा आईला म्हणाले. "दोन घे. तेवढंच उंच होतं."

आई त्यांच्याकडे वळली. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, आणि त्यांच्यापुढे तिने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. ती म्हणाली, "माझ्या घरांत मी पाटावर चढून चूल गाठूं? मज पाट नको. चूल खाली येऊंदे."

 अप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि स्वतः कोत्तनारच्या घरी गेले. धनी गवंड्याच्या दारी गेला हे गल्लीने पाहिलं. कोत्तनार आला, त्याने आईकडे एकदा पाहिलं, ओट्याकडे एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पण आईच्या हाताचं माप घ्यायला तो तयार होईना. बाईच्या हाताने घरात कधी काही मोजलेलं नाही, घरधन्याचं अशुभ होईल, माझ्या बापाने केलं नाही, असं बरंच बोलला.

"कोत्तनार," अप्पा म्हणाले, "मी जन्मात कधी भात केला आहे का?"

"नाही, सामी."

"मग या खोलीचा धनी मी कसा?"

कोत्तनारने काठी उचलली. पण तो परपुरुष, त्याने आईच्या हाताला काठी लावायची नव्हती. म्हणून गजरे बांधायला ठेवलेला वाळल्या केळीचा धागा मी घेतला, आईच्या कोपराला एक टोक धरलं, मधल्या बोटाच्या टोकाशी दुसरं धरलं आणि गाठ मारली. आईने हात ताठ धरला होता.  असा दोनदा मोजून धागा मी कोत्तनारच्या हातात दिला. आमच्या त्या जुन्या घरात बाईच्या हाताने मोजलेली ती पहिली वस्तू. मला आजही त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

वरचे थर उतरले, माती काढली, चूल नव्याने घातली. ओल मरावी म्हणून आम्ही दोन दिवस तिच्यात भाताचा कोंडा धुमसत ठेवला. पाळीपाळीने आई आणि मी. पुढे वर्षभरात आमच्या गल्लीत अशा पाच चुली झाल्या, आणि प्रत्येक वेळी कोत्तनार दारात उभा राहून आधी विचारायचा, रांधणार कोण? जणू ही रीत त्याच्या बापानेच घालून दिली होती.

श्राद्धाच्या दिवशी आई ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरली. काकू सकाळच्या गाडीने आलेली, तीही न्हाऊन, पदर खोचून दारात तयार. आत्या दुसऱ्या दाराशी माळ घेऊन बसली, पण तिची माळ पुढे सरकत नव्हती. श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची चालत नाही, मिरी चालते. परदेशातून आलेली भाजी चालत नाही. मधे चव बघता येत नाही. कारली, पडवळ, सुरण, केळफूल, उडदाचे वडे, खीर, तिळाची चटणी, सगळं डोळ्यांनी आणि नाकाने ओळखून करायचं. आईने तीन तोंडांची चूल पेटवली आणि मग तिला कोणी थांबवू शकलं नसतं. डाळ उतू यायच्या आत तिचा हात तिथे पोचत होता. इकडे वडा उलटायचा, तिकडे खीर ढवळायची, मधेच मागे वळून केळफुलाला फोडणी. एकदाही ती बसली नाही, एकदाही तिने मला हात मागितला नाही. धूर खिडकीतून जात होता आणि आईचे डोळे कोरडे होते. काकू दोनदा "मी घेऊं का?" म्हणाली. आईने ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

सूर्य माथ्यावर यायच्या आत पानं मांडली गेली. भटजी तिघे होते, त्यांतले थोरले जेवणाच्या बाबतीत फार चोखंदळ म्हणून प्रसिद्ध. त्यांनी वडे तीनदा मागून घेतले. शेवटी अप्पांनी हात जोडून रीतीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात का? थोरले म्हणाले, "तृप्त झालों. आणि तुझे वडील माझ्याही आधी झाले असतील." अप्पांनी आत्याकडे पाहिलं नाही. पण मी पाहिलं. आत्याने माळ डोळ्यांना लावली आणि बटव्यात ठेवली.

मग घरच्यांची पंगत बसली. पुरुष जेवून उठले, बायकांची पानं मांडली. श्राद्धाच्या दिवशी आई तोवर थकून भिंतीला टेकलेली असायची आणि वाढायचं काम दुसरं कोणी करायचं. काकू सवयीने पुढे झाली आणि तिने भाताचं भांडं उचलायला हात घातला. आईने भांड्याच्या कडेवर आपला हात ठेवला.

"तूं नको," आई म्हणाली. "तूं पाहुणी आहेस गे. पानावर बैस."

काकूने हात मागे घेतला नाही. तिने रंगूआत्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं, अगदी चौकात हात धुणाऱ्या अप्पांनीसुद्धा.

"मज काय बघतेस?" आत्या म्हणाली. "घरची बाई बैस म्हणत्ये ना? बैस."

काकू बसली. आईने भांडं कमरेवर घेतलं आणि पहिला भात तिला वाढला.